पूर्वाभिमुख की लोकाभिमुख?
प्रस्तावना

२०२२ सालच्या नाताळच्या तोंडावर केरळमधील एर्नाकुलमच्या सेंट मेरी कॅथीड्रलमध्ये वेदीपाशीच दोन गट एकमेकांना भिडले. एकाच वेदीवर दोन पद्धतींचे धर्मगुरू एकाच वेळी मिस्सा अर्पण करू पाहत होते. झटापट झाली, पोलिसांना आत यावे लागले. एरवी वर्षभर देवळाकडे न फिरकणारा ख्रिस्ती माणूसही नाताळच्या रात्री मिस्साला जातो. त्या नाताळात मात्र या कॅथीड्रलला कुलूप होते, आणि पुढेही दीर्घ काळ ते तसेच राहिले. वादाचा मुद्दा एका वाक्यात मावतो : मिस्सातील मुख्य प्रार्थना म्हणताना धर्मगुरूने तोंड कुणीकडे करावे, वेदीकडे की लोकांकडे?

ही बातमी वाचणाऱ्या अनेकांनी मनात विचारले असेल, एवढ्याशा गोष्टीसाठी? असे विचारणाऱ्यांत ख्रिस्ती वाचकही होते. हे पुस्तक त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. गोष्ट एवढीशी नाही, हे मला सांगायचे आहे. आणि ती मोठी आहे म्हणूनच तिच्यावरून देवळाला कुलूप लागायला नको होते, हेही तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे.

कॅथलिक उपासनेशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडी पूर्वपीठिका देतो. मिस्साचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिल्या भागात बायबलमधील उतारे वाचले जातात आणि धर्मगुरू त्यांवर प्रवचन करतो. हा भाग लोकांसाठी असतो, त्यामुळे वाचणाऱ्याने आणि प्रवचन करणाऱ्याने लोकांकडे पाहावे याबद्दल कुणाचेच दुमत नाही. दुसऱ्या भागात वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री जे केले आणि जे करत राहायला सांगितले, त्याचे स्मरण करत धर्मगुरू एक दीर्घ प्रार्थना म्हणतो. या प्रार्थनेत भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. ही प्रार्थना देवपित्याला उद्देशून असते आणि धर्मगुरू ती जमलेल्या सर्वांच्या वतीने म्हणतो. सगळा वाद या दुसऱ्या भागाचा. गेली साठेक वर्षे बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू वेदीच्या पलीकडे उभा राहून, लोकांकडे तोंड करून ती म्हणतो. त्याआधी अनेक शतके तो वेदीच्या अलीकडे, लोकांच्याच बाजूला उभा राहत असे आणि लोक जिकडे पाहत तिकडेच पाहत असे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या दोन भागांतला फरक समजायला अवघड नाही. कीर्तनात बुवा श्रोत्यांकडे तोंड करून उभे असतात. आरती सुरू झाली की बुवा, टाळकरी, श्रोते सगळेच देवाकडे वळतात. बुवांनी आपल्याकडे पाठ फिरवली, असे तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही.

कॅथलिक जगातल्या वादात मात्र 'लोकांकडे पाठ' हे शब्द शस्त्रासारखे वापरले गेले आहेत, आणि पलीकडून 'देवाकडे पाठ' हे शब्द तितक्याच जोराने परत फेकले गेले आहेत. दोन्ही आरोप अन्यायाचे आहेत. धर्मगुरूचे तोंड कुणीकडे हा प्रश्न मुळात दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की सगळी मंडळी मिळून कुणाची वाट पाहते आहे आणि ती वाट पाहणे शरीराने कसे व्यक्त करते आहे. इतिहासाकडे या प्रश्नातून पाहिले की बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात. पुढची सगळी प्रकरणे मी याच दृष्टीने लिहिली आहेत.

*

उपासनेला दिशा असणे ही ख्रिस्ती धर्माची नवलाई नव्हे. बाबिलोनमध्ये बंदिवासात असलेला दानिएल यरुशलेमच्या बाजूला उघडणाऱ्या खिडक्यांपाशी गुडघे टेकून प्रार्थना करत असे, असे जुन्या करारात सांगितले आहे. यहुदी समाजाने यरुशलेमची दिशा जपली. इस्लामने इ.स. ६२४ मध्ये यरुशलेमऐवजी मक्केची दिशा स्वीकारली. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने कोणतेही शहर निवडले नाही. तिने पूर्व निवडली, उगवतीची दिशा.

ही चाल किती जुनी आहे याची साक्ष उत्तर आफ्रिकेतील लेखक तेर्तुलियन देतो. दुसरे शतक संपून तिसरे लागताना तो लिहितो की ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात म्हणून इतरांना ते सूर्यपूजक वाटतात. म्हणजे ही रीत परक्यांच्या डोळ्यांत भरण्याइतकी तेव्हाच रुळली होती. चौथ्या शतकातील संत बाझिल हिचे कारण सांगतात : एदेनची बाग पूर्वेला होती, आणि पूर्वेकडे पाहणारा माणूस आपल्या हरवलेल्या मूळ घराकडे पाहत असतो. शुभवर्तमानात ख्रिस्ताचे पुनरागमन पूर्वेकडून चमकणाऱ्या विजेसारखे असेल असे म्हटले आहे, आणि मलाखीच्या ग्रंथात नीतिमत्त्वाच्या सूर्याचा उदय येतो. हरवलेले घर, उगवता सूर्य, येणारा प्रभू हे सगळे अर्थ त्या एका दिशेत एकवटले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला चौथ्या शतकातील यरुशलेमच्या बाप्तिस्मा विधीत दिसते. संत सिरिल यांच्या नावे असलेल्या प्रवचनांत त्याचे वर्णन आहे. बाप्तिस्मा घेणारा माणूस आधी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला तोंड करून उभा राहतो आणि हात पुढे करून सैतानाचा त्याग जाहीर करतो. मग तो वळतो, पूर्वेकडे तोंड करतो आणि आपली श्रद्धा उच्चारतो. धर्मांतर म्हणजे काय, हे त्याच्या पायांना आणि खांद्यांना त्या एका वळण्यातून कळत असे.

त्याच शतकाच्या अखेरीस सीरियात तयार झालेल्या एका नियमसंग्रहात, जो 'प्रेषितांचे नियम' म्हणून ओळखला जातो, चर्चची इमारत लांबट आणि पूर्वेकडे रोख असलेली असावी असे सांगितले आहे. बाप्तिस्म्याची तयारी करणारे लोक बाहेर गेले की उरलेल्या सर्वांनी उठून पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करावी, असेही त्यात आहे. सर्वांनी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दिशा आधी मंडळीची होती. धर्मगुरू मंडळीतलाच एक, तिच्या पुढे उभा असलेला, म्हणून त्याचीही तीच दिशा.

*

या चित्राला रोममध्ये एक मोठा अपवाद आहे, आणि विसाव्या शतकातल्या वादात त्यावर फार भार टाकला गेला. कॉन्स्टंटाइनने संत पेत्राच्या थडग्यावर जे भव्य बॅसिलिका बांधवून घेतले, त्याचे प्रवेशद्वार पूर्वेला आणि गर्भगृहाचा अर्धगोल पश्चिमेला होता. पोप वेदीमागे उभे राहून पूर्वेकडे पाहत, आणि पूर्वेकडे दार असल्यामुळे समोर मंडपही येत असे. आजचे सेंट पीटर्सही त्याच रोखाने उभे आहे. लोकाभिमुख मिस्साच्या पुरस्कर्त्यांनी म्हटले, पाहा, आरंभीच्या रोममध्ये पोप लोकांकडे तोंड करूनच मिस्सा अर्पण करत. दुसऱ्या बाजूने लुई बुये यांच्यासारख्या फ्रेंच अभ्यासकाने उत्तर दिले की पोप लोकांकडे नव्हे, पूर्वेकडे पाहत होते. मुख्य प्रार्थनेच्या वेळी त्या बॅसिलिकातले लोक नेमके कुठे उभे असत आणि तेही दाराकडे वळत का, यावर विद्वानांत आजही मतभेद आहेत. एवढे मात्र निश्चित की एका इमारतीच्या रचनेवरून सगळ्या आद्य मंडळीचा नियम काढता येत नाही. ऑस्ट्रियन जेझुइट इतिहासकार योसेफ युंगमान हे उपासनेतील सुधारणांचे खंदे समर्थक होते. पण आद्य मंडळीत सर्वत्र लोकाभिमुख मिस्सा होत असे, ही निव्वळ दंतकथा आहे, असे त्यांनीच ठामपणे बजावले.

शेवटच्या भोजनाच्या चित्राचीही हीच गत. मेजाच्या मधोमध येशू आणि समोर शिष्य, अशी आपली कल्पना असते आणि तिच्या आधारे वेदीभोवतीच्या मांडणीचे समर्थन केले जाते. त्या काळच्या मेजवानीत पाहुणे अर्धवर्तुळाकार मेजाच्या बाहेरच्या एकाच बाजूला टेकून पहुडत आणि आतली बाजू वाढणाऱ्यांसाठी मोकळी ठेवत. ज्या मांडणीला आपण मूळ समजतो, ती पुष्कळदा आपल्याच जेवणघरातून उचललेली असते.

रोमच्या लोकांनाही दिशेचा मोह सोडवत नव्हता. पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप थोर लिओ आपल्या एका प्रवचनात तक्रार करतात की काही ख्रिस्ती लोक सेंट पीटर्सच्या पायऱ्या चढून वर आले की मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. प्रतीक आणि प्रत्यक्ष देव यांतली रेघ पुसट होण्याची भीती तेव्हापासून आहे.

*

मध्ययुगातला बदल हळूहळू झाला आणि तो दिशेपेक्षा अंतराचा होता. पश्चिम युरोपात वेदी मागच्या भिंतीला जाऊन टेकली. तिच्यावर संतांचे अवशेष, चित्रे, कोरीव फलक आले. लॅटिन ही लोकांची बोली राहिली नाही आणि मुख्य प्रार्थना धर्मगुरू हलक्या आवाजात म्हणू लागला. लोकांना ती ऐकू येईना, कळेना आणि पुढे काय चालले आहे ते दिसेनाही. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये धर्मगुरूने ओस्ती, म्हणजे मिस्सातील भाकर, डोक्यावर उंच धरून लोकांना दाखवण्याची रीत रूढ झाली, आणि पाहता पाहता ती सर्वत्र पसरली. लोक त्या एका क्षणाची वाट पाहू लागले. घंटा वाजली की मान वर करायची, दर्शन घ्यायचे आणि पुन्हा आपापल्या जपमाळेकडे वळायचे.

१५७० साली पोप पाचवे पायस यांनी जवळजवळ संपूर्ण लॅटिन चर्चसाठी एकच मिस्साग्रंथ लागू केला. त्यातल्या सूचनांत वेदीची मांडणी अशी असेल की धर्मगुरूचे तोंड आधीच लोकांकडे आहे, तर त्याने अभिवादनासाठी वळू नये, अशी तरतूद आहे. म्हणजे लोकाभिमुख मिस्साला त्या ग्रंथानेही मज्जाव केला नव्हता. ज्यांना जुना काळ पूर्णपणे एकाच रंगाचा वाटतो त्यांनी हे लक्षात ठेवावे.

गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका १६०५ मध्ये पवित्रीकृत झाले. त्यात पाऊल टाकले की वेदीमागचा सोनेरी मुलाम्याचा प्रचंड कोरीव फलक जमिनीपासून छतापर्यंत समोर उभा राहतो. अशा चर्चमध्ये कुठे पाहायचे हे भिंतच सांगते. प्रत्यक्ष पूर्व दिशेचे भान तोवर बरेचसे मागे पडले होते. वेदी जिकडे असेल तीच पूर्व मानली जाऊ लागली आणि क्रूस, ख्रिस्तप्रसाद ठेवण्याची मंजूषा, संतांच्या मूर्ती यांनी उगवत्या सूर्याची जागा घेतली. दिशेचा देह उरला, पण तिचा अर्थ सांगणारी माणसे विरळ झाली. विसाव्या शतकात बदलाची हाक आली तेव्हा जुन्या रचनेच्या बाजूने बोलायला फारसे कुणी पुढे आले नाही, याचे एक कारण मला इथे दिसते.

*

ती हाक केवळ रोममधल्या कार्यालयांतून आलेली नव्हती. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये लोकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. बेल्जियमचे बेनेडिक्टाइन धर्मगुरू लांबेर बोदुएँ यांनी १९०९ मध्ये त्याला चळवळीचे रूप दिले. ऑस्ट्रियात क्लोस्टरनॉयबुर्ग इथे पिउस पार्श यांनी लहानशा सेंट गर्ट्रूड चर्चमध्ये सामूहिक मिस्साचे प्रयोग केले. जर्मनीत रोटेनफेल्सच्या गढीत रोमानो ग्वार्दिनी आणि वास्तुकार रुडॉल्फ श्वार्त्स यांनी पांढऱ्या भिंतींचे रिकामे दालन घेतले. तीन बाजूंना तरुण, चौथ्या बाजूला धर्मगुरू आणि मधोमध वेदी, अशी त्यांची मांडणी होती. लोक मिस्साचे प्रेक्षक होऊन बसले आहेत, या दुःखातून ही सगळी माणसे काम करत होती. ते दुःख खरे होते. आज त्या पिढीला परंपरेचे शत्रू म्हणणाऱ्यांनी त्यांची पुस्तके एकदा शांतपणे वाचावीत.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील आपला दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केला. बाजूने २१४७ मते पडली, विरोधात ४. लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हा त्याचा गाभा. धर्मगुरूने कोणत्या दिशेला तोंड करावे याबद्दल त्यात एक शब्दही नाही. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर १९६४ रोजी निघालेल्या अंमलबजावणीच्या सूचनापत्रात म्हटले की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असणे अधिक बरे, म्हणजे तिच्याभोवती सहज फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता येईल. सूचना लागू होण्याचा दिवस ७ मार्च १९६५. त्या दिवशी पोप सहावे पॉल यांनी रोममधील ओन्यिस्सांती या धर्मग्रामात लोकांकडे तोंड करून, इटालियन भाषेत मिस्सा अर्पण केली. एका वाक्यातली शक्यता अवघ्या काही वर्षांत जगभराची रूढी झाली.

सूचनापत्र निघणे आणि ते लागू होणे, या दोन तारखांच्या मधोमध मुंबईचे आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद अधिवेशन येते. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल स्वतः ओव्हल मैदानावर आले होते. मुंबई, वसई, पुणे, नाशिक इथल्या कॅथलिकांनी बदलाची ही वर्षे जवळून पाहिली. आमच्याकडे दोन बदल हातात हात घालून आले. लॅटिनच्या जागी मराठी आली आणि धर्मगुरू आमच्याकडे वळले. त्यामुळे आमच्या स्मरणात ही दोन्ही एकच गोष्ट होऊन बसली आहे. वेदीकडे तोंड करून मिस्सा व्हावी असे कुणी म्हटले की तो लॅटिन परत आणू पाहतो, असे लोक धरून चालतात. वास्तविक या दोन गोष्टींचा एकमेकींशी आवश्यक संबंध नाही. वेदीकडे तोंड करून मराठीत प्रार्थना करता येते आणि लोकांकडे तोंड करून लॅटिनमध्येही.

मराठी मिस्साने वसईच्या घराघरांत काय आणले, हे सांगताना मला हात आखडता घ्यायचा नाही. ज्या माणसांनी आयुष्यभर मिस्सा चालू असताना माळ जपली, त्यांना पहिल्यांदा आपल्या भाषेत उत्तर देता आले. वेदीवर काय घडते ते दिसू लागले. धर्मगुरूचा चेहरा दिसू लागला आणि तो आपल्यातलाच आहे हे मनावर ठसले. १९६९ मध्ये रोमने भारतातील चर्चसाठी बारा बाबींना मान्यता दिली. जमिनीवर बसून उपासना, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, समईच्या ज्योती, आरती अशा गोष्टी त्यात होत्या. जमिनीवर, वेदीभोवती बसलेल्या मंडळीला एकमेकांचे चेहरे दिसतात. दोघे-तिघे ख्रिस्ताच्या नावाने जमले की तो त्यांच्यामध्ये असतो, या वचनाला अशा बैठकीत देह मिळतो. लोकाभिमुख मिस्साच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे, आणि तो भावनेचा नाही, धर्मशास्त्राचा आहे.

*

प्रतिवादही तितकाच गंभीर आहे. रेगेन्सबुर्गचे अभ्यासक क्लाउस गाम्बर यांनी तो मांडला आणि कार्डिनल योसेफ रात्सिंगर, म्हणजे नंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी 'उपासनेचे मर्म' या २००० सालच्या पुस्तकात त्याला जगभर वाचक मिळवून दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : धर्मगुरू आणि लोक एकमेकांकडे पाहत राहिले की मंडळी स्वतःभोवती मिटलेले वर्तुळ होते. धर्मगुरूचे व्यक्तिमत्त्व, त्याचा आवाज, त्याचे हावभाव यांना अवाजवी महत्त्व येते. सगळे एका दिशेला उभे राहिले की धर्मगुरू मागे पडतो आणि ज्याची वाट पाहायची तो पुढे येतो. जिथे वळणे शक्य नाही तिथे वेदीच्या मधोमध क्रूस ठेवावा, म्हणजे धर्मगुरू आणि लोक दोघांचीही नजर त्यावर जाईल, अशी सूचना त्यांनी केली. पोप झाल्यावर त्यांनी ती स्वतः पाळली. जानेवारी २००८ मध्ये सिस्टिन चॅपेलच्या जुन्या वेदीवर त्यांनी वेदीकडे तोंड करून मिस्सा अर्पण केली, तीही सहाव्या पॉल यांच्या नव्या ग्रंथानुसार.

नियमांचे म्हणाल तर ते दोन्हींना वाव देतात. ३० नोव्हेंबर १९६९ पासून लागू झालेल्या मिस्साग्रंथात काही ठिकाणी धर्मगुरूने 'लोकांकडे वळून' बोलावे अशा सूचना आहेत. तो आधीच लोकांकडे पाहत असेल तर त्यांना अर्थ उरत नाही. २००० साली व्हॅटिकनच्या उपासना विभागाने स्पष्ट केले की लोकाभिमुख मिस्सा सोयीची असली तरी ती बंधनकारक नाही. तरीही २०१६ मध्ये त्याच विभागाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी लंडनमध्ये धर्मगुरूंना वेदीकडे वळण्याचे आवाहन केले, तेव्हा काही दिवसांतच व्हॅटिकनने नवे नियम येणार नाहीत असा खुलासा केला. मुभा कागदावर आहे, पण ती वापरणाऱ्याला आपण कोणत्या पक्षाचे, याचे उत्तर द्यावे लागते. मला खटकते ते हे.

*

केरळचा वाद या पार्श्वभूमीवर वाचला तर तो हट्टाचा वाटत नाही. एर्नाकुलमचे कॅथीड्रल ज्या सिरो-मलबार कॅथलिक चर्चचे आहे, तिची मुळे प्रेषित थोमाच्या परंपरेत आणि पूर्व-सिरियाई उपासनेत आहेत. तिच्यात पूर्वेकडे तोंड करून बळी अर्पण करण्याची रीत होती. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली आणि या मंडळीवर लॅटिन वळण लादले. १९३४ पासून रोमने मूळ विधी परत आणण्याचे काम हाती घेतले आणि १९६२ मध्ये तो लागूही झाला. तेवढ्यात विश्वपरिषद आली. एर्नाकुलमच्या धर्मगुरूंनी परिषदेच्या नावाने लोकांकडे तोंड केले. चंगनाशेरीसारख्या धर्मप्रांतांनीही परिषदेचाच आधार घेतला, कारण पूर्वेकडील मंडळींनी आपल्या प्राचीन परंपरेकडे परतावे, असे परिषदेच्या नोव्हेंबर १९६४ च्या दस्तऐवजात म्हटले आहे. दोन्ही बाजूंच्या हाती एकाच परिषदेचा कागद होता.

१९९९ मध्ये या चर्चच्या सिनडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, मधला मार्ग काढला. शब्दविधी (वाचन-प्रवचनाचा भाग) लोकांकडे तोंड करून, अर्पणाची प्रार्थना वेदीकडे तोंड करून आणि ख्रिस्तप्रसाद दिल्यानंतरचा भाग पुन्हा लोकांकडे. ऑगस्ट २०२१ मध्ये हा नियम सर्वत्र लागू करण्याचा निर्णय झाला आणि २८ नोव्हेंबर २०२१ ही तारीख ठरली. जवळजवळ सर्व धर्मप्रांतांनी तो स्वीकारला. सुमारे पाच लाख भाविकांच्या एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांताने नाकारला. पन्नास-साठ वर्षे लोकाभिमुख मिस्सातच वाढलेल्या पिढीची तक्रार होती की आम्हाला न विचारता आमची प्रार्थना बदलली. त्यात मालमत्तेचे आणि अधिकाराचे जुने वाद मिसळले. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चित्रफितीतून थेट आवाहन केले. जुलै २०२४ मध्ये, रविवारी आणि सणांना प्रत्येक चर्चमध्ये किमान एक मिस्सा नव्या पद्धतीने व्हावी, अशी तडजोड झाली.

हा वाद आपल्यापासून लांबही नाही. १९८८ मध्ये कल्याण हा सिरो-मलबार धर्मप्रांत झाला. मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत आणि पुण्यात रोजगारासाठी आलेल्या मल्याळी कुटुंबांची मंडळी त्यात येते. एकाच उपनगरात एका चर्चमध्ये धर्मगुरू अर्पणाच्या वेळी वेदीकडे वळतात आणि पलीकडच्या लॅटिन विधीच्या चर्चमध्ये लोकांकडे पाहतात. दोन्ही कॅथलिक, दोन्ही एकाच पोपच्या सहभागितेत. मराठी कॅथलिकाने शेजाऱ्याच्या मिस्साला एकदा जाऊन उभे राहावे. जे लेखातून कळत नाही ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

*

या पुस्तकाच्या पहिल्या भागात आद्य मंडळीची पूर्व दिशा, तिचे बायबलमधील आधार आणि रोमच्या बॅसिलिकांचा प्रश्न आहे. दुसऱ्या भागात मध्ययुगीन वेदी आणि गोवा-वसईची चर्चवास्तू आहे. तिसऱ्या भागात विसाव्या शतकातील चळवळ, परिषद आणि तिच्यानंतरचा वाद आहे. चौथा भाग केरळचा. प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांनी स्वतः ज्या ताकदीने मांडले असते त्याच ताकदीने मांडण्याचा मी प्रयत्न केला आहे.

माझे मत लपवून ठेवणे वाचकाशी अप्रामाणिकपणाचे होईल. अर्पणाच्या प्रार्थनेच्या वेळी धर्मगुरू आणि लोक एकाच दिशेला वळले तर ती प्रार्थना कुणाला उद्देशून आहे हे अधिक स्वच्छ कळते, असे मला वाटते. वसईतल्या ज्या मंडळीला लोकाभिमुख मिस्सातून देव जवळचा वाटला, तिच्याकडून ती काढून घेण्याचा अधिकार मात्र मी कुणालाही देणार नाही. या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. पहिले विधान समजावून सांगण्याचे आहे, दुसरे पाळण्याचे. साठच्या दशकात बहुतेक ठिकाणी वेदी पुढे आली ती लोकांना पुरेसे कारण न सांगता. केरळमध्ये धर्मगुरू पुन्हा वळले तेव्हाही पुष्कळांना कारण कळण्याआधी तारीख कळली. दोन्ही वेळा आदेश आधी आला आणि शिकवण मागे राहिली.

म्हणून हे पुस्तक मी प्रथम धर्मगुरूंच्या आणि धर्मग्राम मंडळांच्या हाती देऊ इच्छितो. वेदी हलवण्याआधी किंवा स्वतः वळण्याआधी त्यांनी लोकांना बसवून सांगावे की आपण कुणाकडे पाहतो आहोत आणि का. लोकांचे ऐकावे, प्रश्न येऊ द्यावेत, घाई करू नये. आणि लोकांनी, धर्मगुरू कोणत्याही बाजूला उभा असो, ती प्रार्थना आपल्या वतीने म्हटली जात आहे हे जाणून तिच्या शेवटी मोठ्याने 'आमेन' म्हणावे. तो आमेन त्यांचा आहे, आणि तो समजून म्हणता यावा एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.